लेकरू रडतंय ना, मग बरंय

सिस्टर, नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आणि तीन महिन्यांपासून बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डात ड्युटी करतेय. मला नुसतं पाहिलं तरी लेकरं रडायला लागतात. परवा रात्री दहा महिन्यांचं एक खोकल्याचं लेकरू आलं. मी श्वास मोजले, ६८ भरले. घाबरून डॉक्टरांना उठवलं. ते येईपर्यंत लेकरू मायच्या अंगावर झोपून गेलं. त्यांनी मोजले तर ४२. सगळ्यांसमोर बोलले मला. दुसऱ्याच दिवशी जुलाबाच्या एका चौदा महिन्यांच्या पोराचं वजन ८ किलो २०० भरलं, आदल्या दिवशी भरतीच्या वेळी ते ८ किलो ६०० होतं. आजी म्हणाली नजर लागली, इन्चार्ज म्हणाल्या तुला साधं वजन करता येत नाही. त्याच आजीने पोराच्या गळ्यात काळा दोरा अन् ताईत बांधलाय, तो कापावा का तेही कळेना. पुस्तकातलं सगळं पाठ आहे, पण लेकरू समोर आलं की हात थरथरतात. बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय. देऊ का?
– एक नवी सिस्टर

पोरी,

अर्ज पर्समध्येच राहू दे. सहा महिन्यांनी काढून वाच, तुझं तुलाच हसू येईल.

आधी रडण्याचं बघू, कारण तू त्यालाच जास्त घाबरलीयेस. सहा-सात महिन्यांपर्यंत लेकरू कुणाच्याही कडेवर जातं. पुढे त्याला आपली माय कोण आणि परकं कोण हे कळायला लागतं. आठव्या-नवव्या महिन्यात तर आजोळहून आलेल्या मामाला बघूनही ते भोकाड पसरतं. दहा महिन्यांचं लेकरू तुझा पांढरा कोट बघून मायच्या पदरात तोंड खुपसतं, तेव्हा त्याची वाढ वयाप्रमाणे चाललीय एवढंच ते तुला सांगत असतं. मला भीती वाटायची ती न रडणाऱ्या लेकराची. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत सलाईनची नळी, लावताना सुई टोचली तरी हूं की चूं नाही, डोळे अर्धे उघडे, मान टाकलेली, आणि माय म्हणतेय, ‘लई शहाणं हाय, कायबी करा, रडत न्हाई.’ असं शहाणं लेकरू दिसलं की हातातलं सगळं टाकून डॉक्टरांना हाक मारायची. तसंच, जे पीत नाही किंवा पिऊच शकत नाही, जे पोटात गेलेलं सगळंच्या सगळं उलटून टाकतं, ज्याला झटके येऊन गेले किंवा आत्ता येताहेत, जे सुस्त पडलंय किंवा बेशुद्ध आहे, त्याला रांगेत बसवायचं नसतं. त्याचा केसपेपर नंतर निघाला तरी चालतो.

आता ते ६८. डॉक्टरांना उठवलंस ते बरोबरच केलंस. शंका आली आणि झोप मोडायला नको म्हणून गप्प बसली असतीस, तर मी हे पत्र वेगळ्या सुरात लिहिलं असतं. तुझं चुकलं ते इतकंच, की आकड्यापुढे ‘रडत असताना’ हे दोन शब्द लिहिले नाहीस. रडणाऱ्या लेकराचे श्वास मोजणं म्हणजे एसटीच्या मागच्या सीटवर बसून नाडी बघण्यासारखं आहे. आकडा येतो, पण तो कशाचा ते सांगता येत नाही.

मी काय करायची ते सांगते. वॉर्डाच्या दारातच दोन मिनिटं थांबायची. लेकराकडे बघायचंही नाही, मायशीच बोलायचं, गाव कुठलं, किती दिवसांपासून, कुणाबरोबर आलात. बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून लेकरू बघून घ्यायचं. रंग कसा आहे, नाकपुड्या फुलताहेत का, कण्हतंय का, मायच्या हातातल्या बांगडीशी खेळतंय की नुसतंच पडलंय. अर्धी तपासणी इथेच होते, अजून हातही लावलेला नसतो. मग मायलाच झबलं वर करायला सांगायचं आणि ती पाजत असली तर ते संपू द्यायचं. शांत झालं की पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. लहान लेकरांचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो. पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला की गुणाकारात त्याचे चार होतात.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जोराचा श्वास. हे तुला पाठ आहेच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे, हेही असेल. पण आकड्यासोबत छातीही बघायची. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग बाहेर यायला हवा. तो आत ओढला जात असेल तर श्वास ४२ असोत नाही तर ३८, ते लेकरू आजारी आहे. परवाच्या त्या लेकराची छाती पाहिलीस का, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. मला आधी तेच विचारावंसं वाटलं.

या आकड्यांत एक खाच आहे, आपल्या भागात ती फार नडते. अकरा महिन्यांच्या लेकराचे ४४ श्वास चालतात. तेराव्या महिन्यात तेच ४४ जास्त होतात. म्हणजे वय बरोबर नसलं तर मोजणीही वाया गेली. आणि वय विचारलं की माय काय सांगते? ‘पोळ्याच्या आदल्या दिशी झालं.’ लातूरकडची असली तर येळवशीवरून, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणावरून सांगते. ऊसतोडीची असली तर सांगते, ‘गाळप सुरू झालं अन् पाच दिसांनी, कोपीवरच.’ यावर हसायचं नाही. ही तारीखच आहे, फक्त आपल्याला वाचता यायला हवी. मी ड्युटीच्या वहीत मागच्या तीन वर्षांच्या पोळा, दिवाळी, येळवस, पाडवा यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. माय सण सांगायची, मी महिने मोजायची. माता-बाल संरक्षण कार्ड असलं तर उत्तमच, पण ते टोळीबरोबर सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेलेलं असतं आणि येताना ट्रॅक्टरमध्ये भिजलेलं असतं. दिवाळीनंतर कोयत्याबरोबर गेलेल्या लेकराच्या वजनाच्या रकान्यात सहा-सहा महिने कोरे दिसले, तर मायवर डाफरू नको. तिथून पुढे तू भरायला घे.

आता वजन. हे जरा सावकाश वाच.

इन्चार्ज म्हणाल्या तुला वजन करता येत नाही, आजी म्हणाली नजर लागली. दोघींनीही पोराकडे न बघताच निकाल दिला, हे माझं मत, त्यांना सांगू नको. ८ किलो ६०० पैकी ४०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ पाच टक्के. भरतीच्या वेळी स्वेटर, टोपरं, ओलं दुपटं यांच्यासकट काट्यावर ठेवलं असेल तर ४०० ग्रॅम सहज कपड्यांचे असू शकतात. पण जुलाबाच्या पोराच्या अंगातून एका दिवसात तेवढं पाणीही जाऊ शकतं. मग ते काट्याचं दुखणं राहत नाही. म्हणून काटा चुकला म्हणायच्या आधी पोर बघायचं. डोळे खोल गेलेत का? पाणी दाखवलं की अधाशासारखं वाटी ओढतं का? लघवी शेवटची कधी झाली? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की झटकन बसते की हळूहळू? दोन सेकंदांहून जास्त वेळ वर राहिली तर ते पोर बरंच कोरडं पडलंय. चौदाव्या महिन्यात टाळू अजून उघडी असू शकते, ती बाराव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान भरते. पोर शांत बसलेलं असताना तीवर हलकेच बोट फिरव, खोल गेली असेल तर तेही लिही. आजी रोज तेल घालून टाळू भरतच असेल, तिलाच विचार, नेहमीपेक्षा खोल लागते का. तिच्या बोटांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. एक सावधगिरी मात्र बाळग. हडकलेल्या, कुपोषित लेकराची कातडी पाणी कमी नसतानाही वर राहते आणि डोळेही मुळातच खोल असतात. तिथे एकट्या चिमट्यावर विसंबू नको, आणि सलाईन धडाधडा सोडायची घाई तर कुणालाच करू देऊ नको.

हे सगळं बघितलं आणि पोर हसतंय, खेळतंय, डोळे ठीक, लघवी ठीक, तर मग काटा. काटा रोज तोच, वेळ शक्यतो तीच. वर कापड टाकायचं, मग शून्य करायचं, मग उघडं पोर ठेवायचं. हाताला इंट्राकॅथची पट्टी असली तर नोंदीत ‘पट्टीसह’ असं लिहायचं. थंडीत माय कपडे काढू देत नाही, तिचंही बरोबर आहे. खिडकी लाव, आधी काटा तयार ठेव, मग कपडे काढ. उंचीचंही असंच आहे. दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवून लांबी, पुढे उभं करून उंची. उभ्या मापात साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. एकाच लेकराला एकदा असं आणि एकदा तसं मोजलं तर तक्त्यावर ते आखडलेलं दिसेल.

तक्त्यावरून आठवलं. एका बापाने मला एकदा सुनावलं होतं, ‘हे परदेशी लेकरांचे तक्ते, आमची पोरं मुळातच बारीक.’ जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते सहा देशांतल्या लेकरांवरून बनले आणि त्या सहात भारतही होता, दिल्लीतली मुलं होती. चांगलं दूध, चांगलं खाणं, स्वच्छता मिळाली की पाच वर्षांपर्यंत सगळीकडची लेकरं जवळपास सारखी वाढतात, हेच त्यातून दिसलं. कुपोषणाशी झुंजायला राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ मध्ये सुरू झालं, तेही औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या संभाजीनगरातून. बारीक असणं हा आपल्या मातीचा गुण आहे असं कुणी सांगितलं तर मान हलवू नको. पण तक्त्यावर एका ठिपक्यावरून निकालही देऊ नको. ठिपक्याला मागचा ठिपका लागतो. पाचव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट हा ढोबळ हिशोब झाला. त्यापेक्षा रेषा वर चाललीय की सपाट झालीय, हे बघायचं. तुझं ते ८ किलो २०० चं पोर मुलगा आहे, चौदा महिन्यांचा. ते खालच्या रेषेच्या अगदी काठावर आहे. जुलाब थांबले म्हणून त्याला तसंच घरी पाठवू नकोस. दंडाला मापाची पट्टी लाव, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, ना ढिली ना आवळून. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आली तर तीव्र कुपोषण, १२.५ च्या खाली तर मध्यम. आणि दोन्ही पावलं अंगठ्याने तीन सेकंद दाब. खड्डा राहिला तर पट्टी काहीही म्हणो, ते तीव्रच. सूज आलेलं लेकरू काट्यावर फसवतं, आजूबाजूचे लोक तर म्हणतात, बाळसं धरलंय.

आणि मायला विचारत जा. आपल्याकडे माय म्हणते, ‘करदोडा ढिला झालाय जी.’ नवीन असताना मला वाटायचं, हे काय बोलणं. मग एका बाईने मला करदोड्याची गाठ दाखवली. जुन्या गाठीचा चुरगळा दोन बोटं पुढे होता. घरात काटा नाही, अंगणवाडीताई महिन्यातून एकदा वजन घेते, पण करदोडा रोज आंघोळीला दिसतो. तो वाढीचा तक्ताच आहे. तेव्हापासून भरतीच्या कागदावर मी मायचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहायला लागले.

मायमुळे माझीही एक चूक वाचली आहे. रात्रपाळी, आठ किलोचं तापाचं लेकरू, कागदावर लिहिलेलं ‘पॅरासिटामॉल ५ एमएल’. कपाटात हात घातला, बाटली आली ती ड्रॉप्सची. त्या एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. नेहमीच्या सिरपमध्ये पाच एमएलमध्ये १२५. मी सिरिंज भरायला घेतली होती. माय म्हणाली, ‘सिस्टर, काल तर मोठ्या बाटलीतून दिलं होतं.’ किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर त्या लेकराला १२० पुरे होते, मी ५०० द्यायला निघाले होते. एकदा तरी असं घडल्याशिवाय मुलांच्या वॉर्डातली सिस्टर तयार होत नाही, असं म्हणणाऱ्या जुन्या सिस्टर मला भेटल्यात. मला ते पटत नाही. माझ्या चुकीवर तू शिक. एमएल वाचायच्या आधी मिलिग्रॅम वाचायचे, मिलिग्रॅमच्या आधी आजचं वजन. म्हणून तर त्या वजनाची एवढी किटकिट.

वॉर्डातल्या धोक्यांबद्दल पुस्तकात कठडा वर करा एवढंच असतं. आपल्या वॉर्डात खरा धोका झोळीचा असतो. माय लुगड्याची झोळी लोखंडी कॉटला बांधते, त्यात सलाईन चालू असलेलं लेकरू निजवते. झोळी बांधू नका म्हटलं तर तुझी पाठ वळताच बांधतील. मी गाठ बघायची, तळ जमिनीपासून हातभरच वर आहे का बघायची, नळी दोरीत अडकत नाही ना बघायची. हाताची पट्टी बांधताना बोटांची टोकं उघडी ठेव, दर वेळी जाताना त्यांना हात लाव, गार किंवा सुजलेली वाटली की पट्टी सोड. सुईची टोपणं गादीवर विसरायची नाहीत. ती थेट तोंडात जातात. उशाला गरम पाण्याचा थर्मास नको.

मोठी लेकरं सोपी असतात, त्यांना स्टेथोस्कोप हातात दे, बाहुलीचं पोट तपासायला लाव. कान आणि घसा सगळ्यात शेवटी. दुखणार असेल तर ‘दुखणार नाही’ म्हणायचं नाही, ‘मुंगी चावल्यागत होईल, तू माझा हात दाब’ म्हणायचं. आणि ‘गप नाही बसलास तर सिस्टरला सुई द्यायला सांगते’ म्हणणाऱ्या मायांना प्रेमाने पण लगेच थांबवायचं. तुला बघून लेकरं रडतात त्यातली निम्मी तर तिथूनच तयार होऊन आलेली असतात.

सुट्टी देताना ओआरएस कसं करायचं ते तोंडी सांगून सोडू नकोस, मायच्या हातून एकदा करून घे. दोन वर्षांपर्यंतच्या लेकराला प्रत्येक पातळ संडासानंतर ५० ते १०० एमएल, वाटी-चमच्याने. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस. आणि घरचं विचार. कपाशीवर फवारायचं औषध कुठे ठेवता? उत्तर बहुतेक वेळा ‘माळवदावर’ किंवा ‘पलंगाखाली’ असं येतं, आणि ते थंड पेयाच्या बाटलीत काढलेलं असतं. मूळ डब्यात, कुलपात, हे दोनदा सांग. चुकून प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका, डब्यासकट दवाखान्यात या. शेंगदाणा अख्खा द्यायचा नाही, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत कूटच. घशात गेलेला दाणा काढायला आपल्याकडून संभाजीनगर गाठावं लागतं, वाटेत काय होईल सांगता येत नाही. विंचू चावल्यावर लेकरू घामाघूम झालं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका म्हणावं. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला काम करून विंचूदंशावर प्राझोसिन लागू पडतं हे दाखवून दिलं. ते औषध गोळीचं आहे, लहान दवाखान्यातही ठेवता येतं. तुमच्याकडे आहे का ते उद्या सकाळी बघ.

राहिला तो दोरा. कापू नको. तू कापलास आणि पोराला रात्री पुन्हा जुलाब झाले तर आजीच्या हिशोबात ते तुझ्या कात्रीने झाले. पण गळ्यात ताईत ठेवणंही बरं नाही, दोरा कठड्याच्या दांडीत अडकून फास बसतो. आजीला शेजारी बसव, तिलाच सोडायला सांग. ‘गळ्याला अडकतो आजी, कमरेला बांधा, नजर तिथूनबी उतरते’ म्हण. थोडं खोटं बोललीस असं वाटेल, वाटू दे. बांधताना तुझी दोन बोटं आत जातील एवढा ढिला ठेवायला लाव. आणि पंधरा दिवसांनी ते पोर पुन्हा दाखवायला आलं की काट्यावर ठेवायच्या आधी आजीलाच विचार, दोरा घट्ट व्हायला लागला का म्हणून.

– तुझी सिस्टर